फेज टू उघडलं आणि चौघं बाउंड्रीबाहेर गेले: गुलमर्गच्या एका हिमस्खलनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चौघंही खान्देशातले. नावं, साल आणि नेमका उतार कुठला ते मुद्दाम लिहीत नाहीये, गुलमर्ग लहान आहे आणि आपल्याकडचा स्कीवाला गोतावळा तर त्याहून लहान, लगेच कळतं कोण ते. चौघांशीही वेगवेगळं बोलून हे लिहिलंय. जिथे दोघांचं सांगणं जुळलं नाही तिथे तसं सांगितलंय.

दादा पंचेचाळिशीचे, जळगावात दुकान, सातपुड्यात आणि सह्याद्रीत वर्षानुवर्षं ग्रुप नेतात, तोरणमाळ, पाल, यावलचं जंगल त्यांना पाठ. डॉक्टर भुसावळचे, दातांचे. ताई धुळ्याच्या पण नोकरी पुण्यात. आणि धाकटा, चोपड्याकडचा, घरी केळी, वय पंचविशीच्या आतबाहेर. स्की चौघांत सगळ्यात चांगलं धाकट्यालाच येतं, बेसिक आणि इंटरमीजिएट दोन्ही कोर्स झालेले, आणि अॅव्हलांचचा वेगळा छोटा कोर्सही त्याने एकट्यानेच केलेला. पण ग्रुपमध्ये नंबर लागतो तो वयाने. निघायचं कधी, थांबायचं कुठे, जेवायचं काय, सगळं दादा ठरवणार, आणि ते चांगलंच ठरवतात म्हणून कुणाला कधी खटकलंही नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅककंट्री म्हणजे तयार केलेल्या, राखलेल्या उतारांच्या बाहेर जाऊन स्की करणं. बाकी ठिकाणी त्यासाठी स्कीच्या तळाला स्किन्स (मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) चिकटवून तासन्‌तास चढावं लागतं, गुलमर्गला मात्र गंडोला, म्हणजे केबलकार, तुम्हाला २६५० मीटरवरून आधी मधल्या कोंगडोरी स्टेशनला आणि मग दुसऱ्या टप्प्याने, म्हणजे फेज टूने, अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ ३९५० मीटरवर नेऊन सोडतो. वर उतरलं की समोरच्या बाउलवर, म्हणजे वाटीसारख्या उतारावर, स्की पॅट्रोलचं लक्ष असतं, सुरुंग लावून धोक्याचा बर्फ आधीच पाडून मग तो उघडतात. बाउंड्रीच्या पलीकडे मात्र कुणीच काही पाडलेलं नसतं, आणि ते पलीकडचं फक्त पाच-दहा मिनिटांच्या चालीवर असतं. म्हणजे डोंगर पूर्ण जंगली पण तिथे पोचायला कष्टच नाहीत, आणि कष्ट नसले की विचार करायला वेळही मिळत नाही, असं माझं मत आहे.

अडचण काय होती

फेब्रुवारीत गेले. भुसावळहून झेलम, जम्मूहून गाडीने वर. जम्मू-श्रीनगर हायवे बर्फाने बंद पडतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस राखून ठेवला होता. हायवेसाठी दिवस होता, डोंगरासाठी एकही नव्हता.

पोचले आणि बर्फ सुरू झाला. दोन दिवस आणि दोन रात्री गंडोलाचं फेज टू बंद, हॉटेलात पत्ते आणि कहवा. वरच्या भागात साठ-सत्तर सेंटीमीटर नवा बर्फ आणि सोबत जोराचा पश्चिमेचा वारा. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ एकदम निळं, लख्ख ऊन. लगेच पुढच्या दिवशी निघायचं होतं म्हणजे हातात हाच एक दिवस.

इथे आपल्या भागातल्या माणसाची हमखास गल्लत होते. ऊन पडलं म्हणजे हवा सुधारली, संपला विषय. पण पाऊस उघडला तरी हतनूर धरणाचे दरवाजे नंतरच उघडतात आणि तापीला पाणी तेव्हाच चढतं हे भुसावळच्या पोराला सांगावं लागत नाही, बर्फाचंही तेच आहे, वादळ संपल्यावरचा पहिला निळा दिवस सगळ्यात वाईट. नवा बर्फ खालच्या थराशी अजून बसलेला नसतो, वाऱ्याने आडोशाच्या बाजूला आणून रचलेला बर्फ एकसंध पाटीसारखा कडक झालेला असतो, आणि नेमकं त्याच दिवशी सगळे जण वर धावतात. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गकडे एक रशियन गेला, दोन्ही वेळा नुकताच मोठा बर्फ पडून गेला होता.

या वेळी खाली अजून एक भानगड होती. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ कमी आणि रात्री कोरड्या, कडाक्याच्या, अशा वेळी जमिनीलगतचा बर्फ हळूहळू दाणेदार आणि सुटा होतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. उत्तरेच्या, ईशान्येच्या सावलीतल्या उतारांवर हा कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. त्याच्यावर आता सत्तर सेंटीमीटरचं ओझं. सकाळच्या हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये हे सगळं होतं: धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी पायरी, ईशान्येच्या वाऱ्याआडच्या उतारांवर स्लॅब, म्हणजे तीच कडक पाटी, माणसाच्या वजनाने सुटू शकतो. चौघांनी वाचलं होतं. दादांनी तर मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे माहिती नव्हती असं कुणी म्हणू नये.

तिसरी पायरी ऐकायला मधली वाटते, पाचात तीन म्हणजे पास झाल्यासारखं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त माणसं याच पायरीला जातात, कारण चार-पाचला लोक घरी बसतात आणि तीनला निघतात.

समोर पर्याय कोणते होते

नाश्त्याला चार गोष्टींवर बोलणं झालं. एक, पॅट्रोलच्या बाउलमध्येच राहायचं, गर्दी असेल पण चालेल. दोन, कोंगडोरीच्या खाली झाडीत, जिथे उतार ३० अंशांच्या आत आहे तिथे आरामात फिरायचं. तीन, बाउंड्रीबाहेरचा ईशान्येचा मोठा उतार, ज्याचे फोटो बघून ही सगळी ट्रिप ठरली होती. चार, स्की सोडून बीकनची (अंगावर बांधायचं यंत्र, एरवी सिग्नल सोडतं आणि सर्चवर टाकलं की गाडल्या गेलेल्याचा सिग्नल शोधतं) प्रॅक्टिस, हे धाकट्याने सुचवलं आणि सगळे हसले.

धाकट्याला दुसरा पर्याय हवा होता. ३० अंशांखाली स्लॅब सहसा सुटत नाही, तीसच्या वर ४५ पर्यंत सुटतो आणि स्की करायला मजाही नेमकी त्याच कोनात येते, हे त्याने सांगितलं. ताई म्हणाल्या झाडीतला बर्फ खाली ओला असेल. डॉक्टर म्हणाले दादा म्हणतील ते. दादा म्हणाले वर तर जाऊ, बघून ठरवू.

आता हे "वर जाऊन ठरवू" फार समंजस वाटतं ऐकायला. पण वर गेल्यावर खिशात तिकीट, पायात स्की, समोर कोरा उतार, तिथे गेल्यावर कोण काय ठरवतं? मी चौघांनाही विचारलं की वर गेल्यावर काय दिसलं असतं तर तुम्ही परत फिरला असता. एकालाही सांगता आलं नाही. ठरवायचं राहिलंय असं वाटत होतं पण निर्णय नाश्त्याच्या टेबलावरच झालेला होता, मला तरी तेच दिसतं.

काय केलं

गंडोलाच्या रांगेत धाकट्याने सगळ्यांचे बीकन तपासले. भाड्याने घेतलेले होते. डॉक्टरांच्या बीकनची बॅटरी ३८ टक्के दाखवत होती, त्याने रांग सोडून परत दुकानात जाऊन नवे सेल टाकून आणले, तोवर दोन केबिन गेल्या आणि दादा थोडे चिडलेही. प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं पाचही जणांकडे होतं, पाचवा म्हणजे टंगमर्गचा गाइड, दिवसाच्या रोजावर घेतलेला.

फेज टू उशिरा उघडलं, साडेअकराच्या पुढे. वर पोचल्यावर दिसलं की बाउंड्रीबाहेरच्या त्याच उतारावर कुणाचे तरी दोन ताजे ट्रॅक आहेत. दादा म्हणाले, बघ, लोक गेले पण. ट्रॅकचा अर्थ फक्त एवढाच असतो की त्या दोघांच्या वेळी तो सुटला नाही. ते कुठून गेले, त्यांच्या खाली बर्फ किती जाड होता, यातलं काहीच ट्रॅक सांगत नाही.

कडेकडेने आडवं जाताना पायाखाली "धप्प" असा दबका आवाज झाला आणि धाकट्याच्या स्कीच्या टोकापासून एक भेग दोन-तीन मीटर पळत गेली. कच्चा थर खाली बसल्याचा हा आवाज. ज्याने एकदा कोर्स केलाय त्याला यानंतर बर्फाचे थर बघायला खड्डा खणायची, टेस्ट करायची गरज नाही, डोंगराने स्वतःच सांगून टाकलेलं असतं. धाकटा थांबला आणि म्हणाला, "दादा, हे बरं नाही." दादा पुढून म्हणाले, "काई व्हत नही रे भो, घाबरी गया का तू?" डॉक्टर हसले. धाकटा गप्प बसला.

दादांना हे वाक्य आठवत नाही. बाकी तिघांना आठवतं. गाइडलाही आवाज ऐकू आला होता, तो फक्त एवढंच म्हणाला, "थोड़ा किनारे किनारे चलते हैं." ताईंनी मोबाइलच्या अॅपवर उतार मोजला, ३६ अंश आला, त्यांनी तो आकडा सगळ्यांना वाचूनही दाखवला, आणि कुणी काहीच बोललं नाही.

एकेकाने उतरायचं ठरलं, ते बरोबर ठरलं. गाइड गेला, मग ताई, दोघं खाली डाव्या हाताच्या सोंडेवर जाऊन थांबले. मग डॉक्टर. उताराच्या वरच्या भागात एक फुगवटा होता, तो ओलांडून खाली आले आणि पडले, एक स्की सुटली. ते उताराच्या बरोबर मध्यात बर्फ उकरत स्की शोधत बसले. वरून दादांना वाटलं लागलं की काय, आणि ते मदतीला निघाले. धाकटा "थांबा" म्हणाला का नाही यावर एकमत नाही, तो म्हणतो म्हणालो, दादा म्हणतात ऐकू आलं नाही.

फुगवट्यावर दादांनी पहिलं वळण घेतलं तिथेच बर्फ फाटला. मांडीएवढ्या जाडीचा काप, चाळीसेक मीटर रुंद. दादा वरच्या कडेला होते म्हणून पडून थोडे घसरले आणि खालच्या घासलेल्या बर्फावर थांबले. पाटीचे तुकडे होत होत सगळं डॉक्टरांवर गेलं आणि त्यांना ऐंशी मीटर खाली घेऊन एका सपाट टप्प्यावर साचलं. त्या टप्प्याच्या पुढे नाळ आहे. तिथवर गेले असते तर वर दोन-तीन मीटर बर्फ साचला असता आणि मग हे प्रकरण मी लिहिलं नसतं.

धाकटा कड्यावर उभा होता, त्याने डॉक्टर शेवटचे दिसले ती जागा डोळ्याने धरून ठेवली, बीकन सर्चवर टाकला आणि घासलेल्या उतारावरून खाली निघाला. पहिला आकडा आला १४ मीटर, आणि बाण बाजूला. बाजूला तर दादा उभे! दादांचा बीकन अजून सिग्नल सोडत होता, ते तसेच इकडेतिकडे हाका मारत फिरत होते, आणि मशीन धाकट्याला डॉक्टरांऐवजी दादांकडे नेत होतं. धाकटा ओरडला, "दादा, सर्चवर टाका ना तो! हलू नका!" आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांच्यावर ओरडला असं ताई म्हणतात. दादांना हातमोज्यात बटण सरकवता येईना, दातांनी मोजा ओढून काढला, मग सरकलं.

त्यानंतर आकडे सरळ आले. ३८, २५, १२, मग तो वाकला, बीकन बर्फाला टेकवून हळू, ३.१, १.४, ०.९, परत १.३, मागे, ०.९. प्रोबचा दुसराच टोला मऊ लागला. गाइड आणि ताई सोंडेवरून आडवे येत होते, कमरेएवढ्या बर्फात, चाळीस मीटरला जन्म लागला म्हणतात. गाइडने येता येता पॅट्रोलला फोन लावला. प्रोब तसाच रोवलेला ठेवून उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणायला घेतलं, वरून सरळ खाली खणलं असतं तर त्याच माणसावर उभं राहून खणणं झालं असतं. साचलेला बर्फ भुसभुशीत नसतो, थांबल्या थांबल्या घट्ट होतो, भाड्यातलं एक प्लास्टिकचं फावडं दांड्याला मोडलं.

चेहरा मोकळा झाला तेव्हा ताईंच्या घड्याळातल्या रेकॉर्डिंगप्रमाणे साधारण नऊ मिनिटं झाली होती. ओठ निळे, शुद्ध नाही, तोंडात बर्फ. बोटाने तोंड साफ केल्यावर एक लांब घोरल्यासारखा श्वास आला.

परिणाम

डॉक्टर वाचले. पॅट्रोलच्या स्लेजवरून खाली, मग श्रीनगर. खांदा निखळलेला, गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं, त्याचं ऑपरेशन नंतर जळगावात झालं. त्यांच्या मेडिक्लेममध्ये असले धाडसी खेळ बसत नाहीत हे कंपनीने दाखवून दिलं, पॉलिसीत लिहिलेलंच होतं, कुणी वाचलं नव्हतं. परतीचं तिकीट अर्थातच वाया गेलं, ज्याच्यासाठी घाई केली तेच.

नऊ मिनिटं किती जवळची होती ते सांगतो. जुन्या स्विस आकड्यांप्रमाणे पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेली दहातली नऊ माणसं वाचायची आणि पस्तीस मिनिटांनंतर तीन. २०२४ मध्ये नवा अभ्यास आला त्यात ही सुरुवातीची खिडकी दहाच मिनिटांची निघाली. म्हणजे दादांचं उशिरा सरकलेलं बटण, मोडलेलं फावडं, सगळं त्या दहा मिनिटांतच बसवायचं होतं. बाहेरून कुणी येऊन काढेल हे तर विसराच, पॅट्रोल चांगल्या वेगाने आलं तरी त्याआधी सगळं होऊन गेलं होतं.

कुठे वेगळं करता आलं असतं

ग्रुपमध्ये यावर बरंच भांडण झालं. बामणोदच्या वांग्यांची भरीत पार्टी होती डिसेंबरात, कळण्याची भाकरी हातात आणि विषय हाच. दादांचं म्हणणं, चूक एकच, मी डॉक्टर बाजूला व्हायच्या आत निघालो. ते खरं आहे, मध्ये माणूस असताना वरून दुसरं वजन टाकायचं नाही, तो ओरडला तरी नाही, आणि ते हे उघडपणे मान्य करतात. पण मला ते पुरेसं वाटत नाही. उतारावर डॉक्टर एकटे असते आणि त्यांनीच तो सोडवला असता तरी निकाल तोच. ज्या हिमस्खलनांत स्कीअर मरतात त्यातली दहापैकी नऊ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेली असतात. सुटण्याजोगा उतार निवडला गेला ती जागा त्याच्या बरीच आधीची.

माझ्या मते खरा फाटा "धप्प" आवाजाचा. त्या क्षणी पाच माणसं उभी होती आणि पाचही जणांना काहीतरी माहीत होतं: धाकट्याला आवाजाचा अर्थ, ताईंना ३६ अंश, गाइडला तो उतार, दादांना बुलेटिन तोंडपाठ, डॉक्टरांना आपले पाय दमलेत हे (त्यांनी नंतर सांगितलं, सकाळपासून पोटऱ्या भरून आल्या होत्या). हे पाच तुकडे एकत्र कुणी ठेवले नाहीत. आणि ठेवणार कोण? आपल्याकडे दादाला नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, पोरगं शहाणं असलं तरी शेवटचा शब्द त्याचा नसतो. सातपुड्यात हे चालून जातं, कारण तिथे दादांना खरंच सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. बर्फात त्यांना धाकट्याच्या निम्मंही कळत नव्हतं, पण मान तोच राहिला.

हे फक्त खान्देशाचं दुखणं नाही. इयान मॅकॅमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने तिकडच्या सातशेहून जास्त अपघातांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यातही हेच: दुसऱ्यांचे ट्रॅक बघून धीर येणं, आज नाही तर कधीच नाही ही घाई, आणि म्होरक्याला सगळं कळत असणार हा भरवसा. चौघांनी एका दुपारी तिन्ही गोष्टी केल्या.

धाकट्याबद्दल मला विचाराल तर त्याने मोठ्याने बोलायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. एकदा बोलला, हशा झाला. व्यवस्थाच अशी हवी की त्याला शूर व्हावं लागू नये. आता ग्रुपने नियम केलाय: उतारावर जाण्याआधी सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं, दादांनी शेवटी, आणि एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही, कारण विचारायचं नाही. दादांनीच तो मांडला. पहिल्यांदा वापरतील तेव्हा टिकतो का ते कळेल, मला थोडी शंका आहे.

दुसरं, परत फिरायची अट खालीच, कागदावर लिहायची. आवाज झाला तर परत. भेग पळाली तर परत. चोवीस तासांत तीस सेंटीमीटरच्या वर पडला असेल तर ३० अंशांच्या वरचा उतार त्या दिवशी यादीतच नाही. वर गेल्यावर चर्चा नको.

तिसरं, बीकनची सवय. दादांनी बीकन आयुष्यात एकदाच, हॉटेलच्या अंगणात वापरला होता. आता हिवाळ्यात गिरणेच्या पात्रात प्रॅक्टिस चालते, पिशवीत बीकन घालून वाळूत पुरायचा आणि घड्याळ लावून शोधायचा, शोधणारा सोडून बाकी सगळ्यांनी आपापला सर्चवर टाकला का ते मोठ्याने ओरडून सांगायचं. पहिल्या रविवारी आकडे वेड्यासारखे नाचत होते, मग लक्षात आलं की डोक्यावरून हायटेन्शन लाइन गेलीय आणि सगळ्यांचे मोबाइल छातीच्या खिशात. ४५७ किलोहर्ट्झच्या त्या सिग्नलला दोन्हीचा त्रास होतो. जागा बदलली, मोबाइल गाडीत ठेवले, आकडे सुतासारखे सरळ आले.

गाइडचा मुद्दा अजून मिटलेला नाही. ताईंचं म्हणणं, त्याने ठामपणे अडवायला हवं होतं, त्यासाठीच पैसे दिले होते. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस त्याचा रोज बुडालेला, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नाही म्हणाला असता तर आपण त्याला पुढच्या वर्षी बोलावलं असतं का, खरं सांगा. यंदा ठरलंय असं की वर गेलो न गेलो, गाइडचे ठरलेल्या सगळ्या दिवसांचे पैसे पहिल्याच संध्याकाळी द्यायचे, वादळाचे दिवस धरून. खर्च माणशी किती वाढतो यावर दादा आणि ताईंचा हिशोब अजून जुळत नाहीये.